खिडकीतली वेल

लूमचा कारखाना बंद पडल्यापासून नरेंद्र भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. त्याला एकटं सोडून कामावर जाताना निशाचा पाय घरातून निघत नसे. म्हणून तिने मनीप्लांट आणला. "याच्याकडे तरी बघा," म्हणाली.

आज दुपारपासून तो फोन उचलत नव्हता. निशा धापा टाकत जिना चढली. हाक मारली. पुन्हा मारली. तिने दार ढकललं.

नरेंद्र खिडकीशी उभा होता. मागावर तुटलेला धागा जोडावा तशा बारीक गाठी मारत वेल गजांना बांधत होता.

"अहो, ओ का नाही दिली?"

"तोंडात दोरा होता. हा फाटा धर. हळू."

चप्पल न काढताच तिने धरला. नरेंद्रने पुढची गाठ मारली.