झेननचे सतरा

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी, प्रार्थना आटोपली की आमच्या चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये भाकितांचे कागद भरतात. कागदावर अमेरिकन फुटबॉलच्या बत्तीस संघांची नावं आणि प्रत्येकापुढे एक रिकामी चौकट. यंदाच्या सतरा सामन्यांपैकी तो संघ किती जिंकणार, तो आकडा त्या चौकटीत लिहायचा. पहिला सामना दहा-बारा दिवसांवर असतो. त्यामुळे त्या दिवशी, क्लीव्हलंडला लागून असलेल्या आमच्या आख्ख्या पार्मा गावात, एकाही माणसाचं भाकीत अजून चुकलेलं नसतं.

कागद तपासायचं काम माझं. शाळेच्या कॅन्टीनमध्ये मी तीस वर्षं मुलांची डोकी मोजली आहेत, बेरजेत मला कुणी फसवू शकत नाही. बत्तीस आकड्यांची बेरीज दोनशे बहात्तर यायलाच हवी, कारण सगळे मिळून सामनेच तेवढे होतात आणि एका सामन्यात एकच जण जिंकतो. पण माणसं पेन्सिल हातात आली की उदार होतात. हा संघ सुधारलाय, त्याला अकरा. तो तर त्याहून सुधारलाय, त्याला बारा. बेरीज जाते तीनशेवर. मग मी कागद परत करते आणि सांगते, "अठ्ठावीस सामने कुणाला तरी हरव. हा काय फादरांचा प्रसाद आहे, सगळ्यांना मिळायला?"

माझ्या नवऱ्याच्या, झेननच्या कागदाची बेरीज मात्र पहिल्या फटक्यात जुळायची. तो आधी आमच्या क्लीव्हलंडपुढे सतरा लिहायचा. सतराच्या सतरा. मग एवढे विजय कुठून तरी काढायला हवेत, म्हणून पिट्सबर्गपुढे शून्य. पिट्सबर्ग आमच्यापासून गाडीने दोन तासांवर आहे आणि मनाने त्याहून बरंच लांब. तरीही कमी पडलं तर थोडं बाल्टिमोरकडून आणि थोडं सिनसिनाटीकडून ओरबाडायचा.

जानेवारीत सामने संपले की प्रत्येकाचं भाकीत किती चुकलं ते मी मांडते. ज्याची चूक सगळ्यांत कमी, त्याला ईस्टरआधीच्या उपवासाच्या शुक्रवारी स्टेजजवळचं राखीव टेबल आणि रांगेशिवाय पहिलं ताट. ज्याची चूक सगळ्यांत जास्त, त्याने त्या सगळ्या शुक्रवारी फ्रायरपुढे, म्हणजे तेलाच्या मोठ्या कढईपुढे, उभं राहून मासे तळायचे. त्या उपवासाला मटण वर्ज्य, मासे चालतात, म्हणून चर्चमध्ये माशांची ताटं विकतात. दुपारी तीन ते संध्याकाळी सात, चारशे ताटं. झेनन सलग एकोणीस वर्षं तळत होता.

मला त्याची दया यायची असं कुणी समजू नये. मला राग यायचा. हाताला भाजल्याचे डाग, कपड्यांना तेलाचा वास, आणि पुन्हा ऑगस्ट आला की हा गडी शिट्टी वाजवत सतरा लिहायला हजर. एकोणीस वर्षं सांगितलं, सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

त्या वर्षी मात्र डॉक्टरांनी सांगितलं की उजवा गुडघा जानेवारीच्या शेवटी बदलायचा, आणि त्यानंतर तीन महिने पाच-दहा मिनिटांपेक्षा जास्त उभं राहायचं नाही. मी तिथेच बोटांवर हिशेब केला. उपवासाचे सगळे शुक्रवार त्या तीन महिन्यांत येत होते.

गाडीत मी म्हटलं, "यंदा तू शेवटचा येणार नाहीस."

"ते माझ्या हातात आहे का?"

"तुझ्याच हातात आहे. सतरा लिहू नकोस."

"हरलो तर लेनी तळेल माझ्याऐवजी." लेनी हा त्याचा चर्चमधला मित्र.

"लेनीला तू चिमटा तरी हातात घेऊ देशील? वॉकर घेऊन उभा राहशील तू, मला माहीत नाही का? नवा गुडघा, खाली तेलाने निसरडी झालेली फरशी. पडलास म्हणजे?"

 मग मी काय ते स्पष्टच सांगितलं. "झेनन, मला भीती वाटते रे."

चाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी दोनदाच वापरलं आहे, दोन्ही वेळा उपयोग झाला.

"बरं बाई," तो म्हणाला. "खरं लिहीन."

रविवारी हॉल भरला होता. कॉफी, डोनट, नव्या टोप्या. कागद भरून झाले की प्रत्येकाने उभं राहून फक्त क्लीव्हलंडचा आकडा मोठ्याने वाचायचा, अशी आमच्याकडे पद्धत आहे. फादर मायरन यांनी दहा वाचला. "श्रद्धेचे दोन वाढवलेत," ते म्हणाले. लेनी पाव्हलिक, जन्मभर सिटी बस चालवलेला आणि जन्मभर झेननची टिंगल केलेला, आठ म्हणाला. मग तो झेननकडे वळून मजा बघायला सरसावून बसला. सगळा हॉलच वळला. दरवर्षी झेनन उभा राहायचा, छाती भरून घ्यायचा आणि "सतरा" म्हणायचा, की टेबलं बडवली जायची.

झेनन काठी धरून उभा राहिला. "पाच," म्हणाला आणि बसला.

कुणी हसलं नाही. 

"किती?" लेनीने विचारलं.

"पाच."

"चेष्टा करतोस?"

"आपल्या संघाची रक्षक फळी कच्ची आहे," झेनन म्हणाला. "डावीकडचा पोरगा नवा आहे. चेंडू फेकणाऱ्याला उभं राहायला तीन सेकंदसुद्धा मिळणार नाहीत. नोव्हेंबरात सलग चार सामने बाहेरगावी आहेत. पाचसुद्धा मी हात सैल सोडून दिलेत."

लेनीचा चेहरा उतरला. एवढं सविस्तर, एवढं शहाणं बोलणं त्याने झेननच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मीही नाही. लेनी म्हणाला, "अरे, तू पाच म्हणायला लागलास तर आम्ही आठ कुठल्या तोंडाने म्हणायचं?" आणि त्याने खोडरबर मागितलं.

मग ते खोडरबर टेबलाटेबलावरून फिरायला लागलं. आठाचे सहा झाले, नवाचे सहा झाले. फादरांनी हळूच पाठ फिरवली आणि श्रद्धेचे दोन काढून घेतले. कुणीतरी टोपी काढून ठेवली. सामने सुरू व्हायच्या आधीच आमचा मोसम संपला होता, आणि तो मी संपवला होता. झेनन मांडीवर हात ठेवून डोनटकडे बघत बसला होता, खात नव्हता. मला हवं होतं तेच झालं होतं, आणि मला ते बघवेना.

मी कोरा कागद ओढला. वीस वर्षांत मी कधी भाकीत केलं नव्हतं, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. क्लीव्हलंडपुढे सतरा लिहिले. पिट्सबर्गपुढे शून्य लिहिताना पेन्सिलचं टोक मोडलं, इतकं बरं वाटलं. बाकीच्या तीसजणांत उरलेले वाटून टाकले, बेरीज केली. दोनशे बहात्तर. उभी राहिले.

"ओल्हा, तूसुद्धा?" फादर म्हणाले.

"सतरा," मी म्हटलं.

सगळा हॉल आता माझ्याकडे वळला. मग लेनीने विचारलं, "चेंडू फेकणाऱ्याचं नाव तरी माहीत आहे का तुला?"

"नाही. पण परवा टीव्हीवर त्याची आई दाखवली. बाई चांगली वाटली."

लेनीने टेबलावर असा हात आपटला की डोनटचा डबा खाली गेला. हॉल हसायला लागला, एकाने ओरडून सांगितलं, "फ्रायर तापवायला घ्या रे!" टोप्या परत डोक्यावर गेल्या. फादरांनी श्रद्धेचे दोन परत वाढवले. झेनन तेवढा माझ्याकडे टक लावून बघत होता. "वेडी आहेस," म्हणाला, आणि डोनट उचललं.

क्लीव्हलंडने बरोबर पाच सामने जिंकले. पिट्सबर्गने अकरा. झेननने सांगितल्याप्रमाणे नोव्हेंबर तर चारीमुंड्या चीत. दर रविवारी तो कोचावर जुनी टोपी घालून बसायचा, आणि आपलं भाकीत खरं होत असल्याचा कणभर आनंद त्याच्या तोंडावर मी पाहिला नाही.

जानेवारीत मी चुका मांडायला बसले, तेव्हा मला शंका आली. मी वहीतली जुनी पानं काढली, एकोणीस वर्षांची. झेननच्या प्रत्येक कागदातून क्लीव्हलंड आणि ज्यांच्याकडून तो विजय ओरबाडायचा ते तीन संघ वगळले आणि उरलेल्या अठ्ठावीस संघांची चूक पुन्हा मोजली. दरवर्षी हॉलमध्ये सगळ्यांत कमी चूक त्याची होती. एक वर्षही सुटलं नाही. माणसाला सगळं कळत होतं. आणि मी एकोणीस वर्षं त्याला बिनडोक म्हणत होते.

त्याला दाखवलं तर म्हणाला, "मग? जे कळतं तेच लिहायचं असतं का?"

झेनन पहिला आला. शेवटची मी, आणि तीही अशी की माझ्या आधीच्या माणसाला मागे वळूनसुद्धा मी दिसले नसते. नियमाला कुणी आव्हान दिलं नाही. मीही नाही.

उपवासाच्या पहिल्या शुक्रवारी मी फ्रायरपुढे उभी राहिले. पहिला घाणा कच्चा निघाला, दुसरा काळा. समोरच्या खिडकीतून ताटं जायची: मासे, बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्यांसारख्या पिरोगी, कोबीची कोशिंबीर. रांग जिना चढून गाड्या लावायच्या आवारापर्यंत गेली होती. आणि त्या रांगेतला एकही माणूस खिडकीशी न थांबता पुढे गेला नाही.

"सतरा ना, ओल्हा?"

"चेंडू फेकणाऱ्याच्या आईला माझा नमस्कार सांग."

"काळे मासे कुठल्या संघाचे गं?"

लेनी तर तीनदा रांगेत लागला, केवळ बोलायला. एका आजीने माझा हात दाबला आणि सांगितलं की तिनेही मनातून सतराच धरले होते, फक्त कागदावर लिहायचं धाडस झालं नाही. तासाभराने मला कळलं की मी घामाने भिजले आहे, पाय दुखताहेत, आणि इतकी हसले आहे की पोटही दुखतंय.

स्टेजजवळच्या टेबलावर झेनन नवा गुडघा घेऊन एकटा बसला होता. पांढरी चादर, फुलदाणी, पहिलं ताट. विजेत्याकडे कुणी फिरकत नाही. त्याला काय सांगायचं असतं? थोड्या वेळाने काठीची टकटक ऐकू आली. मागून लेनी त्याची खुर्ची घेऊन येत होता. ती त्याने फ्रायरपासून चार हात लांब ठेवली. झेनन तिच्यावर बसला आणि पाय सरळ केला.

"तिथे काय झालं?" मी विचारलं.

"कंटाळा आला. आणि तेल जास्त तापलंय तुझं, आवाजावरून कळतं. कमी कर. आता सोड. एकदम चार नको गं, गर्दी होते त्यांची."

मी मासा सोडला. तो बरोबर तळला गेला. झेननने वास घेतला आणि मान हलवली. मला तिथेच, चिमटा हातात असताना, रडू आलं. म्हटलं, "झेनन, मी तुला पाच लिहायला लावायला नको होतं."

"गुडघा शाबूत आहे ना? मग."

"पुढच्या ऑगस्टला सतरा लिही."

"आणि तू?"

"मीसुद्धा."

त्याने थोडा विचार केला. "पण मग शेवटचं कोण येणार? दोघांत एकच येईल. दुसऱ्याला तिकडे मख्खासारखं टेबलावर बसावं लागेल."

मी घाणा उपसून ट्रेमध्ये ठेवला. खिडकीशी तोवर आणखी दोघं येऊन थांबली होती.

"तू पुढे बसून लिही," मी म्हटलं. "मी तुझ्या मागून सगळे आकडे उतरवून घेते. बत्तीसच्या बत्तीस."