पाखऱ्याच्या जागी कागदाचा बैल

मी एक जुनं रंगवायचं पुस्तक आहे. मित्रांनो, लगेच तुमचे खडू काढू नका. मी मोठ्या माणसांसाठी आहे, तसं माझ्या मुखपृष्ठावर छापलेलंच आहे. माझ्यात मोर, घुबड, हत्ती, वाघ असे पुष्कळ प्राणी आहेत आणि सगळ्यांच्या अंगावर वेलबुट्टी आहे. छापखान्यातून मी थेट नसरापूरला सोमनाथच्या स्टेशनरीच्या दुकानात आलो आणि वह्यांच्या गठ्ठ्याखाली बरेच दिवस धूळ खात पडलो.

मग एक दिवस प्रेरणा आली. वेल्ह्याच्या वाटेवरच्या एका वाडीतली ही सून. तिची सासू बाळाबाई नुकतीच दवाखान्यातून घरी आली होती. अर्धांगाचा झटका येऊन उजवा हात लुळा पडला होता आणि बोटांना रोज काम द्या असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. प्रेरणानं काउंटरवर सगळी पुस्तकं मांडली. एकातली रंग भरायची घरं फार बारीक होती, थरथरत्या हाताला जमली नसती. दुसऱ्याचा कागद इतका पातळ की मागचा हत्ती पुढच्या सशात दिसायचा. माझ्या रेघा ठळक आणि कागद जाड. तरी तिनं शेवटच्या पानापर्यंत चाळलं आणि बैलाचं चित्र सापडल्यावरच मला घेतलं. इतकं निरखून मुलगीसुद्धा कुणी बघत नसेल. मी फुशारलो, खोटं कशाला सांगू?

बाळाबाईला आधी माझा रागच आला. तिच्या मते रंगवणं म्हणजे पोळ्याला बैलाची शिंगं रंगवणं, बाकी सगळा पोरखेळ. पण पाखऱ्या आणि हौशा ही तिची बैलजोडी गोठ्यात नव्हती. मुलानं, धनाजीनं सांगितलं होतं की बैल कामथडीला मामाकडं कामाला गेलेत, पोळ्याला येतील. तेव्हा पोळ्याच्या आदल्या दिवशीची खांदेमळणी आपल्याच हातानं करायची, हा ध्यास तिनं घेतला. जुवाखाली वर्षभर घासलेले बैलांचे खांदे त्या दिवशी हळद-लोण्यानं चोळतात, मित्रांनो. ते काम डाव्या हातानं करायचं नसतं.

त्यासाठी तिनं मला जवळ केलं. पहिला मोर बिचारा रेघेबाहेर सांडला. घुबडाचा एक डोळा हिरवा झाला, दुसरा राहूनच गेला. पण वाघापर्यंत पेन्सिल तिच्या मुठीतून बोटांत आली होती. शेजारपाजारच्या बायका मला हातात घेऊन कौतुक करायच्या. बैलाचं पान मात्र तिनं कोरं ठेवलं. पाखऱ्या आला की त्याच्याकडं बघून रंगवीन, म्हणायची.

खांदेमळणीचा दिवस उजाडला. बाळाबाईनं उजव्या हातानं वाटीत हळद-लोणी कालवलं आणि धनाजीला बैल आणायला जा म्हणाली. तो उंबऱ्यात उभाच राहिला. मग त्यानं मला उचललं, बैलाचं पान उघडलं आणि तिच्यापुढं ठेवलं.

"आई, औंदा ह्यालाच मळ."

ती पानाकडं नाही, त्याच्या तोंडाकडं बघत राहिली.

"कवा इकलीस जोडी?"

"तू दवाखान्यात हुतीस तवा. ट्रॅक्टर मिळतोय भाड्यानं. बैलांचं करणार कोण?"

"आणि तुला ठावं हुतं?" तिनं सुनेला विचारलं.

प्रेरणा खाली मान घालून म्हणाली, "तुमचं मन रमावं म्हणूनच बैलाचं चित्र बघून आणलं, आत्या."

मित्रांनो, त्या क्षणी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला वाटलं होतं मला मायेनं निवडलं. निवडलं होतं ते रिकामा गोठा झाकायला! म्हातारी रोज माझ्यावर घाम गाळत होती आणि घरातली सगळी माणसं ते शांतपणे बघत होती.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाया या, असं म्हणायचं असतंय खांदा मळताना," बाळाबाई म्हणाली. "कागदाला काय जेवाया बोलवू?" तिनं मला मिटलं आणि वाटी बाजूला सारली.

त्यानंतर तिनं पेन्सिल धरली नाही. बोटं पुन्हा आखडायला लागली. परवा प्रेरणानं मला पुसून तिच्यापुढं ठेवलं, शेजारी बसली आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, डॉक्टर म्हणतात रोज रंगवलं तर हात पुरता बरा होईल. हे अगदी खरं होतं. मी स्वतः त्या हाताचा जोर वाढताना अनुभवला आहे.

बाळाबाईनं सुनेकडं शांतपणे बघितलं.

"पाखऱ्या कामथडीला हाय, तसंच का ह्ये बी?"

आणि कूस बदलून भिंतीकडं तोंड केलं.

मित्रांनो, आजारी माणसाला खरं सांगा. ते रडेल, चार शिव्या देईल, देऊ द्या. पण औषधाची गोष्ट सांगाल तेव्हा त्यानं तुमच्यावर विश्वास ठेवायला हवा.