आयडलिंगचा स्क्रू

सासऱ्यांची मोटरसायकल प्रत्येक सिग्नलला बंद पडायची आणि मागचे लोक हॉर्न वाजवून त्यांची अब्रू चव्हाट्यावर आणायचे. "आणखी एकदा बंद पडली तर विकून टाकणार," असं माझ्या नवऱ्यानं निक्षून सांगितलं होतं. गाडी गेली की सासरे दिवसभर घरात बसून माझं डोकं खाणार, हे उघड होतं. शिवाय मला त्यांचा उतरलेला चेहरा बघवत नव्हता.

सुट्टीच्या सकाळी त्यांनी फाटकाजवळ फडकं अंथरून कार्बोरेटर उघडला. त्यातला पेट्रोल सोडणारा जेट उजेडात धरून भोकातून पाहिलं, बारीक तार घातली, पेट्रोलनं धुतला. कचऱ्याचा कणही नाही. सगळं परत जोडून इंजिन गरम केलं आणि आयडलिंगचा स्क्रू कमी करायला घेतला. गाडी उभी असताना इंजिन किती वेगानं फिरावं, ते हा स्क्रू ठरवतो. इंजिन उचक्या देऊ लागलं.

"बाबा, पुरे! मरतंय ते."

"तुला काय कळतंय? किती कर्कश वाजतंय! या गाडीचा आवाज मला पाठ आहे."

तेवढ्यात सासूबाईंनी आतून हाक मारली, "चहा झालाय!"

सासऱ्यांनी कान झाकून घेतले. "ही हल्ली केवढ्यानं ओरडते!"

हल्ली? आई तर कित्येक वर्षं तशाच ओरडत होत्या. नवीन होतं ते सासऱ्यांच्या कानातलं ऐकायचं मशीन, आणि ते आल्यापासूनच गाडी रुसली होती. मला हसू आलं.

"बाबा, मशीन काढा जरा."

कुरकुरत त्यांनी काढलं. मी स्क्रू वाढवत गेले. इंजिन सुरळीत चालू लागलं, तसा त्यांनी हात वर केला. "बस! हाच आवाज."

मी मशीन परत त्यांच्या हातात दिलं. ते कानात घालताच दचकले. हात स्क्रूकडे गेला, पण मध्येच थांबला.

"पहिल्यापासून एवढ्यानं वाजायची?"

"हो, बाबा."

"आणि ही? माझ्यासाठी ओरडायची?"

मी मान डोलावली. मग त्यांनी आईंना बोलावून गाडीवर मागे बसवलं.

नवरा आणि मी फाटकातून बघत राहिलो. कोपऱ्यावरचा सिग्नल लाल झाला. गाडी थांबली, पण इंजिन बंद पडलं नाही. आई पुढे वाकून हळूच काहीतरी बोलल्या.

सासऱ्यांनी "काय?" म्हणून विचारलं नाही. ते हसले.