कडुनिंबाखालच्या चंद्रकोरी

१९९५च्या दिवाळीत सकाळीच सूर्यग्रहण लागलं, तेव्हा इनामगावच्या बापूसाहेबांनी दारं-खिडक्या लावून घेतल्या. त्यांच्या एकुलत्या एका लेकीचा, सायलीचा जीव मात्र घरात थाऱ्यावर नव्हता. त्यांच्याच गड्याची पोर इशरत पुण्याच्या कॉलेजातून सुट्टीला आली होती. सायलीनंही कॉलेजात जायचा हट्ट धरला होता, तर बापूसाहेब म्हणाले होते, "चाळीस एकर तुझंच हाय. शिकून काय करायचंय?"

अंगणातून इशरतची हाक आली. सायली कडी काढून धावली. कडुनिंबाच्या सावलीत शेकडो चंद्रकोरी थरथरत होत्या.

"पानांच्या एकेका फटीतून ग्रासलेला सूर्यच उमटलाय," इशरत म्हणाली.

"सायले, आत ये!" बापूसाहेब दारातून ओरडले. ग्रहणात उंबरा ओलांडायला ते धजेनात.

"आबा, जूनमधी मी पुण्याला जाणार," सायली म्हणाली. आणि ती आत गेली नाही.