शंभर दिवस, सात बोटं

"दोन्ही हात वर. बोटं मोजा, मोठ्यानं," यंत्रानंद महाराजांनी फर्मावलं, आणि कारखान्याच्या आवारात जमलेल्या दोनशे माणसांनी बालवाडीतल्या पोरांसारखं एक ते दहा मोजलं.

"दहाच्या दहा आहेत ना? कुणी राखली? सरकारनं? इन्स्पेक्टरनं?"

"महाराजांनी," गर्दी एका सुरात म्हणाली. पुढच्या बायांनी तर पदरच पसरले.

डोंबिवली एमआयडीसीतला हा कारखाना स्टीलच्या डब्यांची झाकणं बनवायचा. शंभर दिवसांपूर्वी महाराजांनी पूजा करून पत्रा कापणाऱ्या प्रत्येक प्रेसला तांब्याचं एकेक मंतरलेलं यंत्र ठोकलं आणि तेव्हापासून म्हणे एकही अपघात झाला नाही. गेटवरच्या फळ्यावर तसं लिहिलं होतं, फळ्याला झेंडूचा हारही होता. महाराजांचं शास्त्र सोपं होतं. प्रेस भुकेली असते, तिला मंत्र भरवला की ती माणूस खात नाही. मंत्रावर मालकांची इतकी श्रद्धा बसली की त्यांनी प्रेसवरची दोन बटणं काढून टाकली. पूर्वी दोन्ही हातांनी ती बटणं एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नसे, त्यामुळे बोट आत राहण्याचा प्रश्नच नव्हता. आता पायाशी पेडल होतं. हात मोकळे झाले आणि माल दीडपट निघू लागला.

प्रीती आईबरोबर गर्दीत उभी होती. तिचा धाकटा भाऊ प्रेम आजवर पॅकिंगला होता, सोमवारपासून त्याला प्रेसवर बसवणार होते. वडील असेपर्यंत त्यांच्या कोपर गावातल्या घरात अंगारा आला नव्हता, पण पोराच्या काळजीनं तिची आई केशरबाई मऊ पडल्या होत्या.

"हात जोड गं," त्या कुजबुजल्या. "तुझ्या भावाची बोटं आहेत."

प्रीतीनं हात जोडले नाहीत. ती फळ्यावरची पूजेची तारीख बघत होती आणि तेव्हापासूनच्या हॉस्पिटलातल्या केसपेपरांचा हिशेब लावत होती.

जवळच्याच एका खाजगी हॉस्पिटलात ती मेडिकल कोडिंगचं काम करायची. पेशंट घरी गेला की त्याचा केसपेपर तिच्या टेबलावर येई. जखमेला एक कोड लागतो आणि ती कशानं, कुठं झाली याला दुसरा. बोट मशीननं तुटलं तर एक कोड, दारात चेंगरलं तर वेगळा. घरात की कारखान्यात, हेही त्यातच येतं. या दुसऱ्या कोडाकडे कुणी ढुंकून बघत नाही. हल्ली बोटं दारात फार सापडत होती. डबा खाताना ती एकदा हसत म्हणालीही होती, की डोंबिवलीची दारं चावायला लागलीत. ते हसणं आता तिला लागलं.

शनिवारी तिनं जुने पेपर काढले. पूजेआधीच्या शंभर दिवसांत त्या कारखान्यातल्या कामगारांची मशीननं गेलेली बोटं चार होती, दारानं एक. पूजेनंतर मशीनची शून्य आणि दाराची सात. सातही जण भर शिफ्टच्या वेळी आले होते. सातही जणांबरोबर आलेल्या माणसाचा मोबाईल नंबर एकच होता. आणि डॉक्टरांनी जखमेत काय सापडलं ते लिहिलं होतं, ग्रीस आणि पत्र्याचा कीस. असल्या दारांची घरं कुठल्या बिल्डरनं बांधली होती कोण जाणे.

ती गठ्ठा घेऊन कॅज्युअल्टीतल्या डॉक्टर सुश्रुतकडे गेली. त्यानं दोन पेपर वाचले आणि त्याचा चेहरा उतरला.

"पेशंट सांगतो ते मी लिहितो, प्रीती. मागे लाईन असते. घरचं दार म्हटलं की पोलिसांना कळवायला नको, फॉर्म नकोत."

"आणि तुम्ही लिहिता ते मी टाईप करते," ती म्हणाली. तिला स्वतःचीच चीड आली होती.

दुपारी त्या सातांपैकी मंजुळा ड्रेसिंगला आली. तिच्या उजव्या हाताची तर्जनी गेली होती. प्रीती तिच्या शेजारी बाकावर बसली.

"मावशी, आज सोबत कुणी नाही. खरं सांगा, लागलं तेव्हा काय करत होतात?"

मंजुळानं पट्टीचं सुटलेलं टोक आत खोचलं. "झाकण अडकलेलं. काढायला बोट घातलं नि पाय पडला पेडलवर. माझाच पाय."

"मग दार कशाला सांगितलंत?"

"सुपरवायझर विठ्ठलभाऊ रिक्षातच बोलले, प्रेस बोललीस तर पोलीस येणार, कारखाना बंद, सगळ्यांची चूल तू विझवणार. मग महाराज घरी आलेले. बोलले, बाकीच्यांची शाबूत, तुझंच गेलं, तर खोट तुझ्या श्रद्धेत. लाजेनं मी खडवलीला आईकडे जाऊन राहिलेले. मला वाटायचं मी एकटीच."

"सात आहेत," प्रीती म्हणाली. पेशंटची नावं तिला सांगता येत नव्हती, आकडा सांगता येत होता.

मंजुळाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मागोमाग राग.

रविवारी प्रेमनं बहिणीला उडवून लावलं. "ताई, तू एसीत बसून टाईप करतेस, तुला प्रेसचं काय कळतं? शंभर दिवस झाले, फळ्यावर लिहिलंय ना." केशरबाईंनी त्याचीच री ओढली.

सोमवारी सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी प्रीती आणि मंजुळा गेटवर उभ्या राहिल्या. विठ्ठल धावत आला, पण मंजुळानं तोवर पट्टी सोडून हात पुढे केला होता. "दारात नाही गेलं. आत, प्रेसवर गेलं." माणसं थबकली. मागून एकानं खिशातला हात बाहेर काढला. "माझं पण."

"या फळ्यावरचा चमत्कार महाराजांनी केलेला नाही," प्रीती म्हणाली. "तो मी केलाय, हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवर. विठ्ठलभाऊंनी तुमच्याकडून दार वदवलं, डॉक्टरांनी दार लिहिलं, मी दाराचा कोड टाकला. बोटं पहिल्यापेक्षा जास्त गेली, फक्त फळ्यावर आली नाहीत. तुमचे हात बटणांनी राखले होते. ती बटणं मालकांनी काढली."

प्रेमनं जवळ जाऊन ते दोन हात पाहिले. मग विठ्ठलला म्हणाला, "बटणं लावा. मग बसतो."

"नाही बसायचं तर घरी बस."

प्रेम बाहेर थांबला. त्याच्याबरोबर अठरा-वीस जण थांबले. बाकीचे खाली मान घालून आत गेले, कारण घरी चूल होती.

साडेतीनला कॅज्युअल्टीत एक माणूस आला, हाताला फडकं गुंडाळलेलं. "घरी दारात सापडलं," त्याच्यासोबत आलेला विठ्ठल म्हणाला. डॉक्टर सुश्रुतनं विठ्ठलला बाहेर पाठवलं आणि पेशंटला विचारलं. "प्रेसवर," तो म्हणाला. "आज नवीन पोरगा बसणार होता, तो बसला नाही, म्हणून मला बसवलं."

डॉक्टरनं तसंच लिहिलं आणि पोलीस ठाण्याला फोन लावला. प्रीतीनं मशीनचा कोड टाकला, कारखान्याचा टाकला. भावाची बोटं वाचली होती आणि तिला रडू आवरत नव्हतं.

लोकहो, कुठल्याही यंत्रावर मंत्र चालत नाही, कळ चालते. लागलं तर कशानं आणि कुठं लागलं ते न लाजता सांगा, समोरच्याला तसंच लिहायला लावा. आठवं बोट गेलंच. नववं वाचवायचं असेल तर आठवं कशानं गेलं ते खरं लिहिलेलं असावं लागतं.