खंडेनवमीला माझी मुस्कटदाबी

मित्रांनो, मी वायरलेसचा एक जुना डबा आहे आणि आज माझं डोकं ठिकाणावर नाही. ऐकायचं तर ऐका, पण गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

सिंगापूरमधल्या यिशुन भागातल्या एका कारखान्यात मला उंच भिंतीवर ठोकलं होतं. खाली बिनड्रायव्हरच्या गाड्या सुटे भाग घेऊन फिरतात. कुठे वळायचं, कुठे थांबायचं, हे त्यांना तारेशिवाय कळतं ते माझ्यामुळे. माझा निरोप पोचला नाही, तर त्या जागच्या जागी उभ्या राहतात. इतक्या वर्षांत माझ्यामुळे एकही गाडी अडली नाही. नवा होतो तेव्हा सगळे कौतुकाने बघायचे, पुढे कुणी धूळसुद्धा पुसली नाही. तेही सोसलं.

काल खंडेनवमी होती. आमचे इंजिनिअर निशिकांत साहेब पुण्याचे, यंत्रांची पूजा केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. लिटिल इंडियातून झेंडू आणला, मला कुंकू लावलं. इथवर ठीक. मग म्हणे, "डबा फारच कळकट दिसतो!" आणि घरून आणलेल्या चंदेरी फॉइलमध्ये मला पुरतं गुंडाळलं. अहो शहाणे, धातूच्या कागदातून माझा निरोप बाहेर पडेल कसा? मी आत ओरडतोय आणि खाली गाड्या ठप्प!

मॅनेजर टॅन धावत आले. "व्हाय ऑल स्टॉप?"

"सर, बॉक्स डेड. टू ओल्ड," साहेबांनी बिनदिक्कत ठोकून दिलं.

"देन चेंज, लाह!" असं सिंगापुरी ढंगात म्हणून टॅन निघून गेले.

साहेबांच्या हाताखालची सविता शिडीवर चढली. तिने फॉइल टराटरा फाडलं आणि गाड्या लगेच चालू झाल्या.

"सर, डबा चांगला आहे. टॅनना सांगू या ना."

"गप्प बस, सविता! माझ्या पूजेमुळे काम बंद पडलं म्हणून सांगू? काढ तो डबा."

तिने माझे स्क्रू सोडवले. सविता, तुझाही राग येतो मला.

आता मी भंगाराच्या पेटीत पडलोय. आज दसरा. साहेब पेढे वाटत "सोन्यासारखे राहा" म्हणतायत. सविताने पेढा घेतला नाही, तेवढंच जरा बरं वाटलं.

मित्रांनो, यंत्राची पूजा नाही केलीत तरी चालेल, नुसती धूळ पुसा. पण चूक तुमची असेल, तर ती आमच्या माथी मारू नका. माझ्या माथ्यावर अजून साहेबांचंच कुंकू आहे.