आठवा तुकडा

लातूरच्या एमआयडीसीत विनोदशेठच्या वर्कशॉपमध्ये रामलिंग बावीस वर्षं स्पार्क मशीन चालवत होता. ड्रिलला दाद न देणारं पोलाद तेलात बुडवायचं, वरून तांब्याचा इलेक्ट्रोड आणायचा आणि मधे ठिणग्या पाडत भोक करायचं, हे त्याचं काम. करंट किती, ठिणगी किती वेळ, दोन ठिणग्यांत विसावा किती, हे तो आवाजावरून ठरवायचा.

पण उदगीरच्या एका पशुखाद्य कारखान्याच्या दोन डाय, म्हणजे खाद्याच्या कांड्या पाडणारे भोकांचे पोलादी साचे, भोकांपाशी तडकल्या आणि शेठचा त्याच्या कानावरचा भरवसा उडाला. त्यांनी नांदेडहून नाझनीनला बोलावलं. एम.टेक.च्या प्रयोगासाठी तिला मशीन हवं होतं, शेठना उत्तर. करंट, ठिणगीचा वेळ आणि विसावा या तीन गोष्टी, प्रत्येकीच्या तीन पायऱ्या. सगळ्या जोड्या लावायच्या तर चाचणीला पोलादाचे सत्तावीस तुकडे लागले असते. तिनं नऊ तुकड्यांत भागेल असा तक्ता मांडला.

"काका, तक्त्यात आहे तेवढंच बदलायचं," ती पहिल्याच दिवशी म्हणाली. "बाकी कशाला हात लावायचा नाही."

रामलिंगनं मान डोलावली होती.

आठव्या तुकड्याला करंट सगळ्यात जास्त होता, विसावा सगळ्यात कमी. नाझनीन फोन घ्यायला बाहेर गेली आणि मशीनचा आवाज घोगरा झाला. ठिणगी एकाच जागी जळत होती. रामलिंगचा हात आपसूक तेलाच्या कॉकवर गेला. झोत वाढला, जळका गाळ वाहून गेला, आवाज सुधारला. तुकडा झकास निघाला. कॉक त्यानं होता तिथं आणला. ती आत आली तेव्हा तो काही बोलला नाही. त्यात सांगण्यासारखं काय, असं त्याला वाटलं.

शुक्रवारी दुपारी कारखान्याचे मॅनेजर गुरुपादप्पा स्वतः उदगीरहून आले आणि स्टूल ओढून शेठच्या शेजारी मशीनसमोर बसले. डायसाठी एकच ठोकळा उरला होता. "ही बी तडकली तर पुढचं काम हैदराबादला," ते शांतपणे म्हणाले.

नाझनीननं आकडे भरले. बारा अँपिअर, विसावा सगळ्यात कमी. आठव्याचेच आकडे होते.

"हेच बरोबर हाय का, मॅडम?"

"आठव्यानं सगळ्यांना मागं टाकलं, काका. वेळ कमी, भोकही साफ. खात्रीला आणखी एक तुकडा कापायचा होता, पण शेठ थांबायला तयार नाहीत."

तेल चढलं. इलेक्ट्रोड खाली येऊ लागला. गुपचूप झोत वाढवावा का? डाय तुकड्याच्या तिप्पट जाड होती, खालपर्यंत झोत पोचेलच असं नव्हतं. आणि पोचला तरी हे आकडे ती खरे समजून नांदेडला नेणार होती. पहिली ठिणगी पडायच्या आत त्यानं लाल बटण दाबलं.

"बंद का केलं?" शेठ उठले.

"आठव्याला मी तेलाचा झोत वाढवला होता," रामलिंग म्हणाला. "एकाच जागी जळत होतं. मॅडमला न्हाई सांगितलं."

नाझनीनचा चेहरा उतरला.

"किती वाढवला?"

"माप न्हाई बघितलं. हाताला कळलं तेवढा."

"बाकीच्या तुकड्यांना?"

"न्हाई. त्यांना हात न्हाई लावला."

शेठ त्याच्यावर धावून आले, पण नाझनीन मधे उभी राहिली. आठव्याच तुकड्याची दुसरी बाजू तिनं वर केली, तेच आकडे ठेवले, झोत मात्र न वाढवता आधीचाच. चार मिनिटांत आवाज घोगरा झाला. तुकडा बाहेर काढला तर भोकाच्या कडेला काळे खड्डे, आणि भिंगाखाली केसाएवढी चीर.

गुरुपादप्पांनी त्यावर नख फिरवलं. "हे माझ्या डायला झालं असतं?"

"व्हय," रामलिंग म्हणाला.

"सोमवार दुपार. त्याच्यापुढं न्हाई," म्हणून ते निघून गेले.

नाझनीननं नांदेडची बस सोडली आणि लातुरातच राहणाऱ्या हाजराबी मावशीकडं मुक्काम केला. तडकलेल्या डायमधूनच नवे नऊ तुकडे कापले. तक्त्यातला चौथा रकाना रिकामा होता, तिथं झोत बसला. दोन दिवस रामलिंगनं मशीनपाशी उभं राहून, गेज वाचून, प्रत्येक आकडा मोठ्यानं सांगितला. ती कामापुरतंच बोलत होती. उत्तर वेगळं आलं: नऊ अँपिअर, विसावा मधला, झोत मोठा. या वेळी तिनं खात्रीचा तुकडाही कापला, मगच ठोकळा लावला.

सोमवारी भिंगाखाली एकही चीर दिसली नाही. डाय कारखान्यात चालली. तरी एक काम गुरुपादप्पांनी हैदराबादला दिलंच, आणि शेठ आठ दिवस रामलिंगशी बोलले नाहीत.

महिन्यानं नाझनीनचा फोन आला. "काका, प्रबंध लिहितेय. पहिले नऊ तुकडे बाद केले, का ते लिहावं लागतं. तुमचं नाव घालू, का नुसतं ऑपरेटर लिहू?"

"नाव घाला," तो म्हणाला. "पण आवाज बिघडला होता म्हणून हात लावला, हे बी लिहा."

"ते लिहिलंय, काका. म्हणून तर झोतही मोजायला हवा, हे कळलं."